वीतभर फीत

टेपवाल्यांच्या घरात बोलायची चोरी होती. भांडणतंटा, मारझोड असलं काही नाही हं. माणूस तसा गरीब. भाजीत मीठ पडलं नाही तरी हूं की चूं न करता जेवून उठणारा. पण संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर श्रोत्यांच्या आवडीच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, की घरात खोकायचीसुद्धा बंदी. पुढच्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक लाल दिवा बसवला होता. तो पेटला की बायकोनं भांडं ठेवताना खाली फडकं घालायचं, लेकीनं पुस्तकाचं पान उलटायचं तेसुद्धा बेतानं, आणि दारात कुणी आलं तर त्यानं तिथंच उभं राहायचं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस एकदा पाऊण तास जिन्यात सिलिंडरवरच बसून राहिला. शेवटी दार उघडलं तेव्हा त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "कुणी आजारी आहे का आत?" बायको म्हणाली, "नाही, गाणं चाललं होतं."

शाळेच्या कुंपणाला लागून त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावरून बोलायचं, एवढंच. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे टेपवालेच म्हणत. पण दुरुस्तीपेक्षा त्यांची ख्याती होती ती कॅसेटींची. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणत आणि टेपवाले महिना-दोन महिन्यांत ती सगळी गाणी रेडिओवरून टिपून एका कॅसेटवर भरून देत. त्यात निवेदकाची बडबड नाही, खरखर नाही. गाणं संपलं की मोजून तीन सेकंद शांतता आणि मग पुढचं गाणं. अशी स्वच्छ कॅसेट आसपास कुठं मिळत नसे, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

आता कुणी विचारील, की बाबा रे, रेडिओतून टेपमध्ये सरळ तार जोडली की झालं, त्यासाठी घरातल्यांची तोंडं कशाला बांधायची? ती तार त्यांनी शेकडो लोकांना जोडून दिली होती. स्वतःच्या घरी मात्र नाही. तारेतून आलेलं गाणं कोरडं लागतं, त्याला खोलीची हवा लागली की ते गोल होतं, असं त्यांचं मत. म्हणून रेडिओ कपाटावर, समोर तीन पावलांवर स्टुलावर माइक, आणि माइकमागे हाताची घडी घालून टेपवाले. खोली हवी, पण खोलीतली माणसं नकोत. काय म्हणावं याला?

लेक शहाणी होती, ती शिकली. बायको मात्र कधीच शिकली नाही. तिला बोलायला आवडायचं, आणि जे सुचेल ते सुचल्याबरोबर बोलायचं असा तिचा स्वभाव. दिवसभर घरात एकटी. संध्याकाळी माणूस घरी आलेला, रेडिओ चालू, मन जरा हलकं झालेलं, आणि मग स्वयंपाकघरातून यायचंच, "अहो," म्हणून. अहो, हे गाणं माझ्या बहिणीला फार आवडायचं. अहो, पाणी आज लवकर गेलं. टेपवाले तोंडावर बोट ठेवायचे, ती जीभ चावायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

कार्यक्रम संपला की टेपवाले कॅसेट उघडायचे, फीत बाहेर काढायचे, आणि बायकोचा आवाज जिथं पडलाय तेवढा तुकडा ब्लेडनं कापून टाकायचे. कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम दोन पेरं सरकते. म्हणजे वीतभर फीत ही झाली चार सेकंदांची, हातभर फीत नऊ-दहा. बायको एक वाक्य बोलली की किती फीत जाणार हे त्यांचं बोटांवर ठरलेलं. मग ते गाणं पुन्हा कधी लागतंय याची वाट बघायची, आठवडे, कधी महिने. लागलं की कडव्याआधी गाणारा श्वास घेतो तिथं जोड द्यायचा. एका बाजूची फीत कापली की मागच्या बाजूचं गाणंही कापलं जातं, म्हणून मागची बाजू ते कोरीच ठेवत. अर्धी कॅसेट वाया घालवतो म्हणून लोक हसायचे. ते म्हणायचे, "ऐकून सांगा जोड कुठं आहे ते." कुणालाच सांगता यायचं नाही.

बायको जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. आठ दिवस छातीत दुखतंय म्हणत होती आणि नवव्या दिवशी गेली. दुकान त्यानंतर काही वर्षांनी बंद पडलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. टेपवाले एकाहत्तर वर्षांचे झाले. लेक विमानानं जावं लागतं इतक्या लांब राहते. ती रविवारी दुपारी फोन करते, जेवलात का, गोळ्या घेतल्या का विचारते, ते हो म्हणतात, आणि मग दोघांनाही बोलायला फारसं काही उरत नाही. गप्प बसायचं वळण या घरातल्या माणसांना चांगलं लागलेलं आहे.

अशाच एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, एक विचारू? हसू नका."

"विचार की."

"मला आईचा आवाज आठवेना झालाय." मग म्हणाली, "चेहरा येतो डोळ्यांसमोर. हात येतात. काय बोलायची तेही आठवतं. पण ते सगळं मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. एखाद्या कॅसेटमध्ये असेल ना हो ती?"

टेपवाल्यांना बरं वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे त्यांच्या कामाचं काही मागत होतं. "अगं, मी स्वतःसाठी भरलेल्या चारशे बारा कॅसेटी आहेत घरात," ते म्हणाले. "एका ठिकाणी काय, दहा ठिकाणी सापडेल तुझी आई. काढून ठेवतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी सहज डोळे मिटून बायकोचा आवाज आठवून पाहिला. चहा ठेवू का, म्हणायची. चहा ठेवू का. शब्द आले, आवाज आला नाही. पुन्हा पाहिलं. नाहीच. एकोणीस वर्षं आपल्याजवळ आहे म्हणून त्यांनी ज्याच्याकडे वळूनही बघितलं नव्हतं, ते घरात नव्हतंच. आता हे नुसतं लेकीचं काम राहिलं नव्हतं.

टेपरेकॉर्डर कपाटाच्या तळाशी होता. झाकण उघडलं तर आतला रबराचा पट्टा वितळून डांबर झालेला. टेपवाले खाली बसले. हाताला कंप होता, डोळ्यांना दोन चष्मे लागत होते, पण बोटं विसरली नव्हती. स्पिरिट आणि कापसानं त्यांनी आतली चाकं पुसली, फितीवरचा आवाज उचलणारं हेड पुसलं, दुसऱ्या एका मोडक्या टेपमधला धड राहिलेला पट्टा काढून बसवला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी पहिली कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि गाणं लागलं. गोल, स्वच्छ, कुठं ओरखडा नाही. टेपवाले मांडीवर ताल धरून बसले. म्हातारा खुशीत होता, दुसरं काय.

पहिल्या दहा कॅसेटींपर्यंत ही खुशी टिकली. एक बाजू अर्ध्या तासाची, दिवसाला बारा कॅसेटी व्हायच्या. फीत सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची, पुढची लावायची. बायको नव्हती. बरं, पन्नासाव्या कॅसेटीतही नव्हती. नाव लिहिलेलं नाही, तारीख धूसर झालेली, अशा कॅसेटी ते आशेनं लावत, आणि त्यातही गाणं, तीन सेकंद शांतता, गाणं. कुठं एखादा चमचा पडल्याचा आवाज नाही, दार वाजल्याचा नाही. या घरात वीस वर्षं तीन माणसं राहिली याचा त्या कॅसेटींत मागमूस नव्हता. शंभराव्या कॅसेटीनंतर ते जोड शोधू लागले. जिथं जोड आहे, तिथंच बायको होती ना. पण जोड त्यांना स्वतःलाच ऐकू येईनात. इतकं सुंदर काम करून ठेवलं होतं.

दुसऱ्या रविवारी लेकीचा फोन आला. "सापडला?"

"सापडेल. अजून पुष्कळ बाकी आहेत."

"ती कॅसेट लावलीत का, आईचं नाव रेडिओवर आलं होतं ती? आईनं गाण्यासाठी पत्र पाठवलं होतं बघा. निवेदिकेनं आईचं पत्र वाचलं आणि आई पळत बाहेर येऊन ओरडली, अहो, माझं नाव, माझं नाव. मी तेव्हा चौथीत असेन."

टेपवाल्यांना ते लख्ख आठवत होतं. ते गाणं एकशे तीस नंबरच्या कॅसेटीत होतं, कालच ऐकलं होतं. निवेदिका बोलत होती म्हणून त्यांनी तो भाग कापला होता, आणि त्यावर बायको बोलली म्हणून आणखी हातभर. तेव्हा बायकोनं विचारलं होतं, "माझ्या नावाचं तेवढं ठेवता आलं नसतं का?" ते म्हणाले होते, "मग बाकीची गाणी काय म्हणतील?" त्यांना तो विनोद वाटला होता. बायको हसलीही होती.

"बघतो," ते लेकीला म्हणाले.

मग त्यांना लेकीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवली आणि जिवात जीव आला. व्हिडिओ दुरुस्त करायला आणखी आठ दिवस गेले. चित्र लागलं. हॉलमध्ये पाहुणे, खुर्च्या, आणि मधोमध बायको, हातात पेढ्यांचं तबक घेऊन कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगतेय. हसतेय, मान वळवून पुन्हा सांगतेय. चांगली मिनिटभर बोलत होती. वर गाणं वाजत होतं. लग्नातला कलकलाट ऐकवत नाही म्हणून टेपवाल्यांनीच त्या कॅसेटचा मूळ आवाज पुसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी भरली होती. पाहुण्यांनी तेव्हा वाहवा केली होती. आता ते टीव्हीच्या काचेपर्यंत तोंड नेऊन बायकोच्या ओठांकडे बघत राहिले. तेच मिनिट त्यांनी किती वेळा लावलं देव जाणे. ती काय म्हणतेय ते काही कळलं नाही, आणि मग ते रडले. टीव्हीवरचं गाणं तसंच चालू होतं.

सव्वा महिन्यात चारशे बाराही कॅसेटी संपल्या.

त्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरची शिवणवाली खाली आली. बायकोची ती मैत्रीण. टेपवाले दुकानात गेले की दोघी जिन्यात बसून तासन्‌तास बोलायच्या. हल्ली गुडघ्यांमुळे ती फारशी उतरत नसे.

"भाऊजी, महिना झाला गाणी ऐकतेय वरून. आज बंद पडली म्हणून बघायला आले," ती म्हणाली. "बरं आहे ना?"

टेपवाल्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

शिवणवाली बाई तोंडाची फटकळ. "तिचा आवाज होय?" ती म्हणाली. "तो तुम्ही कापून टाकलात की. आता कॅसेटीत कुठून येणार?"

"हो."

"तुम्ही टाकायचात त्या फिती ती गोळा करायची, माहिती आहे ना? तुमच्या गॅलरीच्या गजांना बांधायची, कबुतरं येऊ नयेत म्हणून."

टेपवाले उठून गॅलरीत गेले. रोज तिथं उभं राहून चहा पीत होते, आणि आज पहिल्यांदा बघत होते. गजांना अजून दहा-बारा चिंध्या लटकत होत्या. त्यांनी एक बोटांत धरली. नुसतं पांढरं, ठिसूळ प्लास्टिक. फितीवर जी तपकिरी पूड असते तोच आवाज, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? उन्हापावसानं ती पूड केव्हाच धुऊन नेली होती. त्यांनी तरी सगळ्या गाठी सोडवल्या. एकीवरही बोटाला रंग लागला नाही.

आत आले तर शिवणवाली दारात उभी. "थांबा जरा," ती म्हणाली. "माझ्याकडे एक गठ्ठा असेल."

अर्ध्या तासानं ती एकेक पायरी मोजत पुन्हा उतरली. हातात झबल्या-फ्रॉकांच्या कागदी नमुन्यांचा जुना गठ्ठा होता, ट्रंकेच्या तळाशी राहिलेला, आणि भोवती तपकिरी, चकचकीत फीत गुंडाळून गच्च बांधलेली. "दोरी नव्हती म्हणून तिनंच बांधून दिला होता," शिवणवाली म्हणाली. "म्हणाली, माझी बडबड आहे यात, नीट गाठ मारून ठेव, सुटली तर थांबायची नाही."

गठ्ठा टेबलावर ठेवून ती गेली.

गाठी सोडवायला त्यांना पूर्ण दोन दिवस लागले. जोरात ओढली की फीत ताणते आणि ताणली की मेली. सुईच्या टोकानं त्यांनी एकेक पदर सुटा केला. पाच तुकडे निघाले. गाठींच्या जागा चुरगळून गेल्या होत्या, तेवढ्या कापाव्या लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा ब्लेड चालवताना त्यांना भीती वाटली. पाचही तुकडे त्यांनी जाड पुस्तकात दाबून सपाट केले, एकापुढं एक जोडले आणि रिकाम्या कॅसेटीत घातले. बटण दाबलं. नुसती सूंऽऽ अशी कोरी फीत. शेवटपर्यंत काही नाही.

त्यांनी फीत बाहेर काढून चष्म्याजवळ धरली. मग कपाळावर हात मारला. तुकडे पालथे जोडले गेले होते, म्हणून हेडला मागची बाजू लागत होती, आणि मागची बाजू तर त्यांनीच जन्मभर कोरी ठेवलेली. नुसती कॅसेट उलटून लावली असती तर सगळं शेवटाकडून वाजलं असतं. पुन्हा जोड सोडवले, तुकडे उताणे केले, पुन्हा चिकटवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेऊन त्यांनी बटण दाबलं.

पहिल्या तुकड्यात कुकरची शिट्टी. दुसऱ्यात झाकण पडलं. तिसरा आणि चौथा इतके घासलेले की गाणं नुसतं पाण्याखालून आल्यासारखं. पाचवा सगळ्यात लांब, हातभर. त्यात गाण्याची एक ओळ निम्म्यावर आली, आणि मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, जरा चढ्या, जरा हसऱ्या आवाजात आलं, "अहो."

तीच. एकोणीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती जणू. हाच आवाज, आपण याला कसे विसरलो, असं त्यांच्या मनात येतंय न येतंय तोच माइकच्या अगदी जवळून, स्पष्ट, सणसणीत आवाज आला, "शूऽऽ. गप्प बस गं जरा." आणि मग गाणं. त्या ओळीचा उरलेला भाग स्वच्छ होता, अजिबात व्यत्यय नाही. फीत संपली.

त्यांनी पुन्हा लावलं. बायकोचा शब्द संपतो आणि त्यांचा सुरू होतो, यात दोन पेरांचं अंतर होतं. ब्लेड समोरच पडलं होतं. आपलं बोलणं तेवढं कापलं तर लेकीला नुसती आई ऐकू जाईल, स्वच्छ. जोड तर कुणाला कळणारच नव्हता. त्यांनी ब्लेड उचललंही. बराच वेळ ते हातात धरून बसले, मग उठून खिडकीतल्या डब्यात टाकून आले.

रविवारी लेकीचा फोन आला. "सापडली," एवढंच ते म्हणाले, आणि फोन टेपसमोर धरला. बटण दाबलं.

फीत संपली. मग लेक म्हणाली, "पुन्हा."

त्यांनी मागं घेऊन पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं. चौथ्यांदा लेकीचं रडणं फोनमधून ऐकू येत होतं आणि त्यांना ते थांबव म्हणावंसं वाटलं नाही.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "पुढचं लावा ना. आई पुढं काय म्हणाली?"

"पुढं ती काही बोलली नाही," टेपवाले म्हणाले. "मी गप्प बस म्हटलं ना."